एकाच मिनिटाचा आवाज

आमचे घरमालक भित्रे होते. हे मी त्यांच्या पाठीमागे बोलत नाहीये. ओळख झाल्यावर थोड्याच वेळात ते स्वतःच सांगायचे. "मना भ्या वाटतं," हे वाक्य ते अशा सुरात म्हणायचे, जसा दुसरा एखादा माणूस "मला डायबेटीस आहे" म्हणतो. लाज नाही, लपवाछपवी नाही. आहे ते आहे.

दिसायला मात्र सगळं उलटं. उंच, रुंद खांद्यांचे, भरघोस मिशा, आणि हाताचे पंजे असे की चहाचा कप त्यात दिसेनासा व्हायचा. भाईंदरच्या गोडदेव गावातलं जुनं घराणं, आजोबांपर्यंत मिठागरात आणि भातशेतीत राबलेलं. पहिल्यांदा बघणारा त्यांनाच घाबरायचा. मग हाच माणूस कुणाच्या घरी गेला की दारातून आधी छताकडे बघायचा, पंख्याखालची खुर्ची ओढून कडेला घ्यायचा आणि बसण्याआधी बोटांच्या पेरांनी भिंत वाजवून तिला कान लावायचा.

घरातसुद्धा ते मागे पट्टा असलेल्या सँडल घालून वावरायचे. पूजेला बसताना काढायचे, पण हाताशी ठेवायचे. मालकीणबाईंना याचा भयंकर राग यायचा. त्या चिडून बोलायला लागल्या की मालक शांतपणे म्हणायचे, "चप्पल पलताना सुटते."

आम्ही त्यांच्याकडे जागा बघायला गेलो तो दिवस मला अजून स्वच्छ आठवतो. त्याआधी आम्ही भाईंदर ईस्टमध्ये बरीच घरं पाहिली होती. प्रत्येक ठिकाणी आडनाव विचारून झालं की मालकाचा चेहरा बदलायचा आणि मग "आम्ही कळवतो" व्हायचं. या मालकांनी आडनाव विचारलं नाही, माझ्या नवऱ्याची नोकरी विचारली नाही, मी औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट आहे हेही ऐकून घेतलं नाही. ते माझ्या सासूबाईंच्या गुडघ्यांकडे बघत होते.

"म्हातारी जिना उतरते काय?" त्यांनी विचारलं.

"उतरतात की हळूहळू," मी म्हटलं.

"बगू. उतर, मावशे."

सासूबाई परभणीच्या. कुणाचं ऐकून घ्यायची सवय नाही. "मला काय परीक्षा द्यायला लावायलेत का हे?" त्या माझ्या कानाशी कुजबुजल्या, पण उतरल्या. कठडा धरून, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत. मालक त्यांच्या पुढे उलटे उतरत होते, दोन्ही हात पसरून, जणू म्हातारी आत्ता पडेल आणि आपण झेलू. तळाला पोचल्यावर त्यांनी मान हलवली.

"टाइम लागतो," ते म्हणाले. "पन उतरते. राहा."

मला त्या दिवशी त्यांचा राग आला होता. घर भाड्याने देताना म्हातारीला जिना उतरायला लावणारा माणूस मी पाहिला नव्हता. पण घर मिळालं होतं, आणि तिसरा मजला असला तरी हवेशीर होतं. अट एकच. भिंतीला खिळा मारायचा नाही. आमची बुद्धाची तसबीर आम्ही फ्रिजवर टेकवून ठेवली, कॅलेंडर दाराच्या कडीला लटकवलं.

मालक आमच्या खालीच, दुसऱ्या मजल्यावर राहायचे. जिन्यात भेटले की बोलता बोलता मधेच थांबायचे, बोट वर करायचे.

"आयकलंस काय?"

मला काही ऐकू यायचं नाही. कुणाचा तरी कुकर, रिक्षाचा हॉर्न, पिठाच्या गिरणीची घरघर. "नाही हो मालक," मी म्हणायचे. ते अजून थोडा वेळ बोट तसंच धरून उभे राहायचे आणि मग निघून जायचे. पण मी घरात आल्यावर भांडी घासताना नळ बंद करून ऐकत राहायचे. त्यांची भीती अशी लागायची, सर्दी लागते तशी. नवरा हसायचा. म्हणायचा, "तू पण मालकांसारखी होणार आता."

एकदा मी त्यांना सरळच विचारलं की तुम्हाला एवढं कसलं भ्या वाटतं. ते जिन्याच्या खिडकीतून मागच्या नाल्याकडे बघत होते.

"हितं भात व्हता आमचा," ते म्हणाले. "त्याच्या मागं मिठाचं आगर. मी ल्हान असताना आमची म्हस रुतली हितं. मानसांनी दोर लावला, वडली, न्हाय निघाली. वरडत व्हती. मंग वरडायची थांबली."

"कुठे नेमकी?"

त्यांनी वर माझ्या घराकडे बघितलं आणि मग बोट सरळ खाली नेलं. "तुज्या मोरीच्या खाली."

वडिलांनी ती जमीन बिल्डरला दिली आणि बदल्यात काही फ्लॅट घेतले, तेव्हा मालक तरुण होते. भरणी होताना ते रोज येऊन उभे राहायचे. "काय काय टाकलं मी बगितलंय. डबर, फुटक्या लाद्या, बाटल्या. गादीचा कापूस पन टाकला, बाय. कापसावर बिल्डिंग."

"मग तुम्ही इथे राहता कशाला?"

"जाऊ कुठं? सगलीकडं भरनीच हाय." मग म्हणाले, "हितं निदान मना म्हाईत तरी हाय, खाली काय हाय."

त्या दिवसानंतर मी मोरीत पाय टाकताना आधी एक पाय टेकवून बघायला लागले. हे मी घरात कुणाला सांगितलं नाही.

बिल्डिंगने मात्र त्यांना कधी मनावर घेतलं नाही, आणि त्याला कारणही होतं. आम्ही येण्याच्या आधी एकदा पाइप टाकायला रस्ता फोडायचा ब्रेकर लावला होता. मालकांनी तो हादरा आपल्या पायाखालचा समजून सगळ्यांची दारं बडवली आणि लोकांना अंगावरच्या कपड्यांनिशी रस्त्यावर आणलं. कुणी अंगाला साबण लावलेला, कुणी दाढी अर्धी केलेली. समोरच ब्रेकरवाला उभा होता. ही गोष्ट आम्हाला पहिल्याच आठवड्यात समोरच्या फ्लॅटमधल्या चेअरमननी हसत हसत सांगितली. सोसायटीचे चेअरमन म्हणजे कोकणातले, बँकेतून रिटायर झालेले, टापटीप माणूस. "माणूस सोन्यासारखा आहे," ते म्हणाले, "पण जरा असा आहे."

एक आवाज मात्र आम्ही राहायला आलो तेव्हापासूनच यायचा. रोज नाही. मधूनच कधीतरी, सुका, छोटा. वरच्या घरात कुणी फरशीवर बत्ता टाकावा तसा. मला वाटायचं, आमच्या वर राहणाऱ्या बा काहीतरी कुटतात. बा म्हणजे एकट्या राहणाऱ्या गुजराती आजी, मुलगा परदेशात. एकदा मी वर जाऊन त्यांना म्हटलं, "बा, दोपहर को थोडा धीरे करो ना, सासूमाँ की नींद टूटती है." त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "दीकरी, मैं क्या कूटूँगी? मेरे तो दाँत भी नहीं हैं. ये तो टेरेस पे लड़के लोग कूदते हैं." आमच्या खाली मालकीणबाईंना वाटायचं की आवाज आमच्या सासूबाईंच्या काठीचा आहे. तळमजल्यावरच्या टेलरला वाटायचं, मालकांच्या सँडलचा. प्रत्येकाच्या डोक्यावर कुणीतरी आवाज करत होतं आणि प्रत्येकजण वरच्याशी भांडत होता.

मालक भांडत नव्हते. ते प्रत्येकाला एकच विचारायचे. "किती वाजता?"

उत्तरं जुळायची नाहीत. आमच्या स्वयंपाकघरातलं घड्याळ मी मुद्दाम पुढे ठेवलं होतं, दुकानाला उशीर होऊ नये म्हणून. बांचं मागे पडायचं. टेलरचं बंदच होतं, तो अंदाजाने सांगायचा. मोबाइल सगळ्यांकडे होते, पण आवाज आला म्हणून मोबाइल शोधायला कोण जातं? माणूस मान वर करून भिंतीकडे बघतो. त्यामुळे प्रत्येक घराचा आवाज वेगळ्या वेळेचा होता.

तेवढ्यात पाण्याची भांडणं पेटली. आमच्याकडे वॉचमन मजल्यामजल्याचे व्हॉल्व्ह ठरलेल्या वेळेला उघडायचा. दुसऱ्या मजल्याचं पाणी लवकर बंद झालं, चौथ्याला जास्त मिळालं, यावरून जिन्यात रोज सकाळी आरडाओरडा. आणि मालकांनी मीटिंगमध्ये उठून सांगितलं की पूर्ण बिल्डिंगची घड्याळं एक करायला पाहिजेत, मी करून देतो.

"मालक, मोबाइल आहेत की सगळ्यांकडे," चेअरमन म्हणाले.

"मोबाइल तुमच्या खिशात. म्हातारी काय बगनार?"

एक कोचिंग क्लास बंद होत होता, त्यांच्याकडून त्यांनी सगळा संच उचलून आणला. गोणीत भरलेली घड्याळं, पांढऱ्या तबकडीची, मोठ्या आकड्यांची. बरोबर एक राखाडी डबा आणि त्याला जोडायची छोटी अँटेना. घड्याळं साधी दिसत होती पण साधी नव्हती. त्यांना किल्ली नव्हती, वेळ हाताने लावायची सोयच नव्हती. अँटेना गच्चीवरून उपग्रहाची वेळ पकडणार, डबा ती रेडिओने घराघरात पाठवणार, आणि घड्याळ ती ऐकून आपले काटे आपण लावणार. हे सगळं इंग्रजी पुस्तिकेत बारीक अक्षरात होतं. बारीक अक्षरं वाचायची सवय मला दुकानामुळे होती, म्हणून मालकांनी मला धरलं.

पहिला प्रश्न खिळ्याचा आला. "आता काय करायचं मालक? चिकटपट्टीवर राहणार नाहीत ही." ते बराच वेळ भिंतीकडे बघत राहिले. मग स्वतः ड्रिल घेऊन आले, प्रत्येक घरात भिंत वाजवून वाजवून जागा ठरवली, आणि भोक पाडताना डोळे मिटून घेतले. मोठा माणूस, हातात ड्रिल आणि डोळे घट्ट मिटलेले. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

रविवारी सकाळी सगळ्या घरांत एकदम सेल घातले. पुस्तिकेत लिहिलं होतं तसंच झालं. काटे गरागरा फिरायला लागले आणि बाराच्या ठोक्यावर येऊन थांबले, हुकमाची वाट बघत. आमच्या सासूबाई पलंगावरून बघत होत्या. "बाई गं, कोण फिरवायलंय त्याला?" त्यांनी विचारलं आणि पदर तोंडाला लावला. मी समजावून सांगितलं तरी त्या दिवसभर त्या भिंतीकडे पाठ करून बसल्या.

डबा आधी मालकांच्या घरात ठेवला, तर खालच्या मजल्यांना लहर पोचेना. टेलरचं घड्याळ बारावरच अडून बसलं. मग डबा बाहेर जिन्यात आणला. थोड्या वेळाने काटे पुन्हा फिरले, सगळीकडे, आणि सगळी घड्याळं एकाच वेळेवर थांबली. पण ती वेळ पहाटेची होती! बाहेर ऊन, आणि अख्ख्या बिल्डिंगच्या भिंतींवर काळोखातली वेळ. बा जिन्यात येऊन हात जोडायला लागल्या. मी पुस्तिका चाळली तेव्हा कळलं, डब्याला आपण भारतात आहोत हे सांगायचंच राहिलं होतं. तेवढं केल्यावर काटे पुन्हा एकदा फिरले आणि खरी वेळ लागली.

लोक टाळ्या वाजवत घरी गेले. मालक मात्र पायरीवर बसून घाम पुसत होते.

"पान्याचं मी चेअरमनला सांगितलं," ते मला हळू आवाजात म्हणाले. "मना पानी नको हाय. मना आवाज पायजे. आवाज आला का आदी वर घड्यालाकडं बगायचं, बाय. मंग बाकी सगलं. सगल्यांना सांग."

मी सांगितलं. लोकांनी मालकांचं वेड म्हणून हसून ऐकलं, पण ऐकलं.

पाण्याची भांडणं त्याच आठवड्यात थांबली. आणि आवाजही थांबला. दिवसामागून दिवस जात राहिले, काहीच नाही. मी सुटकेचा श्वास सोडला. मालक उलट सुकत चालले. जिन्यात भेटले की डोळे लाल असायचे. "गप का झाली?" ते विचारायचे, जणू बिल्डिंग म्हणजे तापातलं माणूस आणि त्याने बडबड अचानक बंद केलीय. मालकीणबाई मला म्हणाल्या, "जेवत न्हाय गो धड. भिंतीला कान लावून बसतो."

तो दिवस रविवारचा होता, दुपारचा. जेवणं आटपली होती. नवरा आडवा झाला होता, सासूबाई डुलक्या घेत होत्या, मी वाळलेले कपडे घड्या करत होते. आवाज आला. तोच, बत्ता टाकल्यासारखा, पण जरा जड. माझी मान आपोआप वर गेली. तीनला पाच कमी.

लगेच खालून मालकांच्या सँडलचा आवाज आला. ते प्रत्येक दारात थांबत होते आणि एकच शब्द विचारत होते. "किती?" आमच्या दारात आले, मी सांगितलं, पुढे गेले. समोर चेअरमननी सांगितलेलं मला ऐकू आलं. वर बांचा बारीक आवाज ऐकू आला, "तीन में पाँच कम." मग ते खाली उतरले, टेलरकडे. टेलर रविवारीही मशिनवर बसायचा. परत वर आले तेव्हा ते आमच्या दारासमोर पायरीवर बसले, कठडा धरून.

"सगल्यांचा येकच," ते म्हणाले.

माझ्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. तळमजल्यापासून वरपर्यंत सगळ्यांनी तोच आवाज, त्याच मिनिटाला, आपल्या डोक्यावर ऐकला होता. म्हणजे तो बांचा नव्हता, काठीचा नव्हता, गच्चीवरच्या मुलांचा नव्हता. इतके महिने आम्ही एकमेकांशी भांडत होतो आणि आवाज आमच्यापैकी कुणाचाच नव्हता.

"मग कुणाचा?" नवऱ्याने विचारलं.

मालकांनी हाताचा पंजा पायरीवर टेकवला आणि तसाच ठेवला.

"सगले भायेर चला," ते म्हणाले. "आत्ता."

चेअरमन दारात आले होते. "मालक, परत सुरू झालात? उद्या मी इंजिनियरला फोन करतो. माझ्या ओळखीचा आहे. रीतसर तपासून घेऊ."

"उद्या न्हाय. आत्ता."

"अहो, पोरं झोपलीत घराघरात. मागच्या वेळी तुम्ही—"

मागच्या वेळचं कुणी काढलं की मालक गप्प व्हायचे. लोक थोडा वेळ जिन्यात घुटमळले आणि आपापल्या घरी गेले, पण दारं कुणी लावली नाहीत. मीही आत आले, गॅसचा नॉब बंद केला, आणि कशासाठी ते न कळता सासूबाईंची औषधं पिशवीत भरायला लागले.

दुसरा आवाज छोटा नव्हता. आधी एक दणका, मग दगडावर दगड घासल्यासारखी घरघर, भिंतीच्या आतून. छत आणि भिंत जिथे मिळतात तिथून पिठासारखी धूळ एका रेषेत खाली आली. मोरीचं दार आपोआप उघडलं आणि अर्ध्यात अडकून थरथरलं. जिन्यातून किंकाळ्या आल्या, पावलांची धावाधाव झाली.

"आई, उठा!"

सासूबाई पलंगाची कड धरून बसल्या होत्या. "मला नाही जमत रे. तुम्ही जावा दोघं. जावा म्हणलं ना!"

आम्ही दोघांनी त्यांना बगलेत धरलं, पण त्यांचे पाय टेकत नव्हते. मला आठवतंय, मी नवऱ्याकडे बघितलं आणि तो माझ्याकडे, आणि त्याच्या डोळ्यांत काय होतं ते मला बघायचं नव्हतं. तेवढ्यात दारात मालक दिसले. धापा टाकत होते, शर्ट फाटलेला आणि घामाने अंगाला चिकटलेला, आणि हातात एक लाल प्लास्टिकची खुर्ची.

"बसव हिला."

आम्ही सासूबाईंना खुर्चीत घातलं. एका बाजूने मालक, एका बाजूने माझा नवरा. समोरून चेअरमन बायकोला घेऊन बाहेर पडत होते. तेवढ्यात वरून दार बडवल्याचा आवाज आला. "दरवाजा नहीं खुलता! अरे कोई है? दरवाजा नहीं खुलता!" बा. त्यांची चौकट दबली होती.

मालक थबकले. मी त्यांचा चेहरा अगदी जवळून बघितला. ओठ पांढरे पडले होते. मग ते ओरडले, "चेअरमन, पकड!" आणि आयुष्यात कुणाचं ओझं न उचललेल्या त्या टापटीप माणसाने बायकोचा हात सोडून खुर्ची पकडली. मालक वर गेले. मला चेअरमनच्या बायकोने ओढत खाली नेलं. वरून लाथांचे आवाज येत होते आणि प्रत्येक लाथेला मला वाटत होतं की आता अख्खी बिल्डिंग खाली येईल.

आम्ही गेटबाहेर, रस्त्याच्या पलीकडे उभे राहिलो. मालकीणबाई तिथे आधीच होत्या, हात जोडून दाराकडे बघत. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. मग मालक आणि बा बाहेर आले. बांनीच मालकांच्या मनगटाला दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं.

बिल्डिंग उभीच होती. थोड्या वेळाने कुणाला कागदपत्रं आठवली, कुणाला दागिने. एक-दोन जण परत निघालेसुद्धा. मालक गेटमध्ये आडवे हात पसरून उभे राहिले. "न्हाय. न्हाय. न्हाय," एवढंच म्हणत होते, रडवेल्या आवाजात. त्यांना ढकलून जाणं कठीण नव्हतं, पण कुणी गेलं नाही. आणि मग, आमच्या डोळ्यांसमोर, बिल्डिंगची मागची बाजू गुडघ्यात वाकल्यासारखी खाली बसली. आमचं स्वयंपाकघर, मोरी, बांची खोली. धूळ उठली आणि आम्हाला एकमेकांचे चेहरे दिसेनासे झाले. त्या धुळीत लोक एकमेकांची नावं घेऊन हाका मारत होते, आणि प्रत्येक हाकेला उत्तर येत होतं. जीव कुणाचाही गेला नाही.

नंतरचं सगळं अशा वेळी होतं तसंच झालं. फायर ब्रिगेड, पंचनामे, पांगापांग. आम्ही काही दिवस नातेवाइकांकडे काढले, मग काशीगावच्या बाजूला भाड्याने घर घेतलं. बांचा मुलगा येऊन त्यांना घेऊन गेला. जाताना त्या बिल्डिंगच्या ढिगाऱ्यासमोर थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि गाडीत बसल्या.

दोन-तीन महिन्यांनी चेअरमननी पुढाकार घेऊन एका छोट्या हॉलमध्ये मालकांचा सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, फुलं. चेअरमन माइकवर बोलता बोलता रडले. म्हणाले, "आम्ही या माणसाला हसलो." सगळ्यांचे डोळे ओले झाले. मग मालकांचं नाव पुकारलं. पुन्हा पुकारलं. मालक आलेच नव्हते. मालकीणबाई एकट्या मागच्या खुर्चीत बसल्या होत्या. त्यांना स्टेजवर बोलावलं तर त्यांनी मान हलवली आणि शाल घेतली नाही. "विक्षिप्त ते विक्षिप्तच," कुणीतरी प्रेमाने म्हणालं आणि मंडळी नाश्त्याला गेली.

मला ते बरं वाटलं नाही. पुढच्या सुट्टीला मी मोरवा गावी गेले, मालकांच्या बहिणीकडे. मालक तिथेच राहत होते. बैठं कौलारू घर, पुढे अंगण. मालकीणबाई अंगणात सुका जवळा निवडत होत्या. मालक बाजाराला गेले होते.

"का आले नाहीत त्या दिवशी?" मी विचारलं. "सगळे वाट बघत होते."

त्या जवळा निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुला सांगते. कुनाला बोलू नको. दुसरा आवाज झाला ना, तवा हा जिन्यात व्हता. मी दारात. माज्या बाजूनं पलाला. मना हाक पन न्हाय मारली. मी कठड्यावरनं वाकून बगते तं हा खाली, गेटच्या भायेर, रस्त्यावर. एकटा."

मी त्यांच्या शेजारी खाली बसले.

"मंग मी पन उतरले. खाली येऊन बगते तं हा वॉचमनच्या खुर्चीला धरून उभा. मी म्हटलं, चल, लांब चल. तं माज्याकडं बगतच न्हाय. वर बगत व्हता. आनी खुर्ची उचलली आनी आत गेला. मी ओरडले गो. शर्ट पकडला. फाटला, पन गेला." त्यांनी सूप खाली ठेवलं. "आता म्हनतो, मी पललो त्याची शाल कोन घालनार? म्हनून न्हाय आला."

तेवढ्यात मालक आले. वाळले होते. मला बघून त्यांना आनंद झाला असावा, पण नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे ठेवून बोलत होते. सासूबाईंची चौकशी केली, घर कितव्या मजल्यावर आहे ते विचारलं. मी सांगितलं. मग मला राहवलं नाही.

"मालक, मला कळलं. गेटपर्यंत गेला होतात ते."

त्यांनी बायकोकडे बघितलं. ती पुन्हा जवळ्यात मान घालून बसली होती.

"मंग?"

"मग परत आलात ना. आम्हाला तेवढंच पुरे आहे."

ते ओट्यावर बसले. "गेलो तवा मना काय कललंच न्हाय, बाय. पाय गेले. मी न्हाय गेलो, पाय गेले. परत येताना सगला कलत व्हता. एकेक पायरी कलत व्हती." मग ते म्हणाले, "तुला येक विचारतो. खरं सांग. तू गेटला असतीस, आन तुजी म्हातारी वर. तू आली असतीस परत?"

"हो" माझ्या ओठांवर आलं होतं. ते टोमणा मारत नव्हते, त्यांना खरंच उत्तर पाहिजे होतं. मला ती धुळीची रेषा दिसली, आणि माझा नवरा माझ्याकडे बघत होता तो क्षण.

मालक वाट बघत राहिले. मी मान खाली घातली.

मग त्यांनी एक लांब श्वास सोडला, आणि मी आल्यापासून पहिल्यांदाच सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं.

"हिला च्या दे गो," ते बायकोला म्हणाले. "लांबून आलीय."